तक्त्यातली शेवटची चौकट

मी नागरिकशास्त्र शिकवायचे. भिवंडीतल्या एका मराठी शाळेत, आठवी ते दहावीला, सगळी नोकरी तिथेच गेली. हा विषय मनापासून आवडणारा विद्यार्थी मला आयुष्यात भेटला नाही आणि त्याबद्दल मी कुणाला दोषही देत नाही. दहावीच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण आंतरराष्ट्रीय संघटनांचं. तिथवर पोचेपर्यंत मुलं परीक्षेच्या धास्तीत असायची आणि शाळेच्या मागच्या गाळ्यांमधली लूमची खटखट तर बाराही महिने. खिडक्या लावून घेतल्या तरी ती भिंतीतून यायची. म्हणून मी ओरडून शिकवायचे. ओरडून सांगितलेलं सगळंच खरं वाटतं, ऐकणाऱ्यालाही आणि सांगणाऱ्यालाही.

त्या प्रकरणासाठी मी फळ्यावर एक तक्ता काढायचे. सगळ्यात वर एक मोठी चौकट, तिच्यात जागतिक संघटनेचा सरचिटणीस. त्याच्याखाली आमसभा, सुरक्षा परिषद, न्यायालय, सचिवालय. त्याखाली आरोग्य, मजूर, टपाल, मुलांचं कल्याण असल्या एकेका कामाच्या संस्था. अगदी तळाला आपण सगळे. वरून खाली बाण. मग मी मुलांना म्हणायचे, "समजा हा शेठ, हे मुकादम आणि हे कामगार." भिवंडीच्या पोरांना आणखी काही सांगावं लागत नसे. ज्याच्या घरात लूम नाही, त्याचा बाप लूमवर ड्युटीला. सगळ्यांच्या माना एकदम डोलायच्या आणि मी खूश व्हायचे.

तो तक्ता साफ चुकीचा होता. त्या चुकीची किंमत मी भरली नाही, दुसऱ्याच घराने भरली. ते लिहून ठेवायचं म्हणून बसले आहे.

आम्ही भिवंडीतल्याच टेमघरला राहायचो. माझं माहेर आणि सासर, दोन्ही खाडीकाठच्या आगरी घरांतली. शेजारी एक कोकणी मुसलमान कुटुंब होतं. घरातला पुरुष अकरा वर्षं आखातात, तिथल्या एका कंपनीचा टँकर चालवायचा. घरी त्याची बायको, तिला मी भाभी म्हणायचे, आणि एकुलती एक मुलगी. मुलगी माझी विद्यार्थिनी. नव्वद साली ती शाळा संपवून दोन वर्षं झाली होती, शिवणकाम शिकत होती, आणि तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा पडघ्याकडचा, जहाजावर नोकरीला. माझी सासू आणि भाभी ओट्यावर बसून बोलायला लागल्या की नवख्या माणसाला कोण कुणाच्या घरची ते कळलं नसतं, इतकी त्यांची बोली एकसारखी. चौऱ्याऐंशीच्या हिंदू-मुसलमान दंगलीत आमचं घर त्यांनी सांभाळलं की त्यांचं आम्ही, यावर नंतर दोघी हसून भांडायच्या. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आखातात एका देशाने शेजारचा देश गिळला. भाभीचा नवरा त्या गिळलेल्या देशात होता, त्याची पत्रं थांबली. टपाल खात्याने त्या देशाचं टपाल घेणंच बंद केलं. पुढच्या दोन महिन्यांत भिवंडीतली, आसपासच्या गावांतली पुष्कळ माणसं विमानांनी परत आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. भाभी प्रत्येकाच्या घरी जाऊन आली. कुणी म्हणालं, टँकर घेऊन आत वाळवंटात गेला होता. कुणी म्हणालं, सरहद्दीवरच्या छावणीत पाहिल्यासारखं वाटतं. नक्की कुणालाच माहीत नव्हतं.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी, लूम बंद असतात म्हणून जरा शांतता होती तेव्हा, भाभी माझ्याकडे आली. बसली नाही. दाराशी उभी राहूनच म्हणाली, "बाई, मना येकच सांगा. मी बायको हाय का बेवा हाय?"

मी काहीतरी धीराचं बोलायला गेले. तिने हात वर करून मला थांबवलं.

"रडाला नाय आले मी. काजीसायबांना इचारला. ते बोलले, बाप जित्ता आसंल त लग्नाला त्याची परवानगी पायजे, त्याच्या वतीनं चाचा उबा ऱ्हाईल. जित्ता नसंल त मंग येगला. पन आदी कलाला पायजे. आता मी इद्दतला बसू का पोरीच्या लग्नाला उबी ऱ्हाऊ? पोरगा रमजानच्या आदी जहाजावर जानार. ती लोकं तवर थांबतो बोललीत."

त्यांच्यात नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस इद्दतला बसते, घरातून बाहेर पडत नाही, सणसमारंभ करत नाही. भाभीला धड तेही करता येत नव्हतं. तिला दुःख हवं होतं की आनंद, हा प्रश्नच नव्हता. तिला दोन्हीपैकी एक काहीतरी नक्की हवं होतं. आणि ते रमजानच्या आत, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत.

मी म्हटलं, "आपण सरळ वर लिहू."

ही आमच्या गावाची सवयच आहे. लूम बंद पडला, पगार अडला, पोराला कामावर लावायचं आहे, काहीही असो, मुकादमाशी बोलण्यात वेळ घालवायचा नाही, थेट शेठला गाठायचं. मधली माणसं नुसती फिरवतात. मी शिकलेली बाई, पण खोड तीच. त्याच संध्याकाळी जागतिक संघटनेच्या सरचिटणीसाला इंग्रजीत पत्र लिहायला बसले. शब्दकोश पुढ्यात घेऊन. पत्र फार सुंदर झालं होतं, हे सांगताना आज माझी मलाच लाज वाटते. मानवता, विश्वबंधुत्व, एका मातेची व्यथा, सगळं त्यात होतं.

भाभी समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती. "ह्यो कोन हाय, ज्याला लिवताव?"

"जगातल्या सगळ्या देशांची मिळून एक संघटना आहे. तिचा सगळ्यात वरचा माणूस."

"तो कोनाचा आयकतो?"

"कुणाचं कशाला ऐकेल? तो सगळ्यांच्या वर."

भाभीने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी बाई होते ना.

पत्र रजिस्टर करून टाकलं आणि आम्ही वाट पाहायला लागलो. नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. पोस्टमन गल्लीत शिरला की भाभी ओट्यावर यायची आणि तो मान हलवून पुढे जायचा. मुलगी लग्नाच्या ओढण्यांना किनार लावत बसायची. मी येता-जाता म्हणायचे, "येईल उत्तर. मोठ्या कचेऱ्यांना वेळ लागतो." तीन महिने मी हे वाक्य दर दोन दिवसांनी म्हटलं असेल.

जानेवारीत, आखातात खरोखरचं युद्ध पेटलं त्याच आठवड्यात, उत्तर आलं. एक टंकलिखित पान. कुठल्याशा विभागातल्या अधिकाऱ्याची सही. आपल्या पत्राबद्दल आभार. आपल्या भावना आम्ही जाणतो. मात्र बेपत्ता व्यक्तींचा शोध आणि कुटुंबांमधले निरोप हे काम आमच्याकडे नाही. ते एका स्वतंत्र, तटस्थ समितीकडे असून ती आमच्या संघटनेचा भाग नाही. ती समिती प्रत्येक देशातल्या मदत संस्थेमार्फत काम करते. कृपया आपल्या जवळच्या शाखेशी संपर्क साधावा.

मला राग आला. हात वर केले यांनी, असं मी घरात मोठ्याने म्हणाले. पण कागद भाभीला दाखवण्याआधी पुन्हा एकदा वाचला, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी स्वतः दर महिन्याला मोहल्ला कमिटीच्या बैठकीला जायचे. दंगलीनंतर काही वर्षांनी पोलिसांनी गल्लीगल्लीतून दोन्हीकडची माणसं घेऊन त्या कमिट्या केल्या होत्या. आमच्या कमिटीकडे काय होतं? काठी नव्हती, गाडी नव्हती, स्वतःचं ऑफिससुद्धा नव्हतं. सभासदांनी मनावर घेतलं तर काम व्हायचं, नाही घेतलं तर चहा पिऊन सगळे घरी. चिटणीस होता, तो बैठकीची चिठ्ठी फिरवायचा आणि काय ठरलं ते वहीत लिहायचा. त्याला कुणी शेठ समजलं असतं तर तोच हसला असता. जागतिक संघटना म्हणजे देशांची मोहल्ला कमिटी. सरचिटणीस तिचा नोकर, मालक नव्हे. तिला मालकच नाही. आणि आरोग्याची, मजुरांची, टपालाची संस्था म्हणजे काही त्याच्या हाताखालचे मुकादम नव्हेत. प्रत्येकीची घटना वेगळी, सभासद वेगळे, सभा वेगळी. हे सगळं माझ्या पुस्तकात छापलेलं होतं. मी ते दरवर्षी ओरडून वाचत होते.

भाभीला मी तसंच सांगितलं. पाच बड्या देशांना नकाराचा अधिकार असतो, हेही सांगितलं.

"म्हंजे पाचातला येक नाय बोलला का खलास?"

"सुरक्षेच्या बाबतीत, हो."

"आपली कमिटी बरी की मंग," भाभी म्हणाली. हसली नाही. "आता कुठं जावाचा?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ठाण्याची एसटी पकडली. मदत संस्थेची जिल्हा शाखा एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. दोन टेबलं, एक स्ट्रेचर भिंतीला टेकवलेलं, आणि एक वयस्क कारकून. मी भाषणच सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निरोपाचा फॉर्म भरायचा आहे ना? तो खालूनच भरून येतो, बाई. वरून कधी येत नाही. शाळेची शाखा, तालुका, जिल्हा, मग दिल्ली, मग ती समिती, आणि पलीकडच्या देशात पुन्हा वरून खाली त्या माणसाच्या हातापर्यंत. कुठली शाळा तुमची?"

मी शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी एक जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबले आणि ते माझ्याकडे फिरवलं.

"तुमच्या शाळेला या फॉर्मचं पॅड दिलेलं आहे. चार वर्षं झाली. सही तुमचीच दिसते."

सही माझीच होती.

आमच्या शाळेत त्या संस्थेची मुलांची शाखा होती. वर्षातून एकदा मुलांना छातीला लावायचे बिल्ले वाटायचे आणि प्रथमोपचाराच्या पेटीतलं टिंक्चर बदलायचं, एवढंच तिचं काम. कुणी घेत नाही म्हणून मुख्याध्यापकांनी ते माझ्या गळ्यात मारलं होतं. मी प्रभारी शिक्षिका. एकदा जिल्ह्यावरून तपकिरी पाकिटात एक पॅड, एक माहितीपुस्तिका आणि एक रबरी शिक्का आला होता. मी पोच दिली आणि पाकीट स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटात टाकलं. त्या कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये असायची. आखातातली पत्रं थांबली तेव्हा ती पर्समध्ये होती. विश्वबंधुत्वाचं पत्र लिहिलं तेव्हाही ती पर्स टेबलावर, माझ्या कोपराशीच पडली होती.

ठाण्याहून मी तडक शाळेत गेले. बँडेजच्या गुंडाळ्या आणि उरलेले बिल्ले बाजूला केले. खाली पाकीट होतं. पॅडच्या पहिल्या पानावर मराठीत सूचना छापलेल्या: मजकूर फक्त कौटुंबिक असावा. कागद पाकिटात चिकटवून बंद करू नये. प्रभारी व्यक्तीने मजकूर वाचून शिक्का मारावा. उत्तर आल्यास ते प्रभारी व्यक्तीने कुटुंबाच्या हाती द्यावे. मी तिथेच खुर्चीवर बसले. माझ्या तक्त्यात तळाला नुसतं 'आपण सगळे' असायचं. तिथे खरं तर एक चौकट होती आणि तिच्यात मी होते.

फॉर्म भरताना भाभीला म्हटलं, "ठाण्याहून आणला." खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मग ते परत घेण्याची माझी हिंमत झाली नाही. मजकुराला सात-आठ ओळींची जागा होती. भाभीने सांगितलेलं मुलीने लिहिलं: आम्ही ठीक आहोत. तुम्ही कसे, ते कळवा. लग्नाचं ठरलंय, मुलाचं जहाज रमजानआधी निघणार. काय करायचं ते तुम्ही सांगा. शिक्क्याची शाई वाळून गेली होती, तिच्यात दोन थेंब पाणी घालून मी शिक्का मारला.

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये पडघ्याहून मुलाची आई आणि मामा आले. वाईट माणसं नव्हती ती. आई भाभीच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "आमी बी किती थांबावं? पोरगा आता गेला का दीड वरीस परत नाय." भाभीने त्यांना जेवू घातलं आणि दिलेली साडी, बांगड्या कापडात बांधून परत केल्या. मुलगी आत मशीनवर बसली होती. पाहुणे जाईपर्यंत मशीन थांबलं नाही. तिचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं, महापोळी गावी, आणि ती सुखात आहे. पण ती त्या दिवशी ज्या चेहऱ्याने बाहेर आली तो मी विसरू शकत नाही, आणि तिच्या आताच्या सुखाने माझं ओझं हलकं होत नाही.

ईद होऊन आठवडा झाला आणि ठाण्याहून पाकीट आलं. शाळेच्या पत्त्यावर, प्रभारी शिक्षिकेच्या नावे. आत आमचाच फॉर्म. मागच्या बाजूला वेड्यावाकड्या अक्षरांत उत्तर. कागद उघडाच होता, वाचल्याशिवाय राहवलं नाही. वाचलं आणि उरलेले तास तसेच सोडून टेमघरला आले.

भाभी ओट्यावर तांदूळ निवडत होती, मुलगी शेजारी. मी कागद मुलीच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचला: मी जिवंत आहे. अपघातात दोन्ही हात मोडले होते, आता बरे आहेत. पासपोर्ट हरवल्यामुळे सप्टेंबरपासून या छावणीत आहे. माझ्यासाठी लग्न थांबवू नका. माझ्या वतीने धाकट्या भावाने उभं राहावं, ही माझी परवानगी समजा. मुलाला सलाम सांगा.

त्याने दोन माणसांबरोबर चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, एकही पोचली नाही, हे भाभीच्या नवऱ्याने पुढे परत आल्यावर सांगितलं. त्या क्षणी भाभीला फक्त पहिली ओळ ऐकू आली. तिने सूप खाली ठेवलं आणि पदरात तोंड घालून खूप वेळ रडली. मग डोळे पुसून मुलीला म्हणाली, "तारीक बग. कवा लिवलाय?"

मुलीने तारीख वाचली. फॉर्म जायला आणि यायला मिळून तीन महिने लागले होते.

भाभी शाळेत फारशी गेली नव्हती, पण हिशेब तिचा पक्का. बोटांवर महिने मोजले. "आपन ह्यो कागद आक्टोबरात टाकला आसता त..." आणि माझ्याकडे बघितलं. दोष द्यायला नव्हे. नुसतं बघितलं.

तेव्हा मी सांगितलं. ठाण्याहून आणला नव्हता. पॅड शाळेतच होतं, चार वर्षं, कपाटात. मला ठाऊक असायला हवं होतं.

भाभीने विचारलं, "चावी कोनाकं होती?"

"माझ्याकडेच."

तिने मान हलवली, सूप उचललं आणि तांदूळ निवडायला लागली. मी माफी मागितली असेन, मला आठवत नाही. ईदला शीरखुर्मा येत राहिला, सासू आजारी पडली तेव्हा भाभी रात्रंदिवस उशाशी होती. पण त्यानंतर काही लिहायचं असलं, कुठला अर्ज करायचा असला, की ती माझ्याकडे आली नाही. मुलीकडून लिहून घ्यायची. तिचं बरोबरच होतं.

मी उठायला लागले तशी मुलगी म्हणाली, "बाई, अब्बांना उत्तर पाठवायचंय. फॉर्म आहे?"

फॉर्म होता. आता पॅड आणि शिक्का मी पर्समध्येच ठेवत होते. तिने गुडघ्यावर वही घेतली, वहीवर फॉर्म. मग भराभर लिहिलं आणि न घडी घालता कागद माझ्याकडे दिला. नियम तिला माहीत होता. प्रभारी व्यक्तीने मजकूर वाचायचा असतो.

तिने लिहिलं होतं: अब्बा, तुमचा निरोप वेळेवर मिळाला. सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे झालं. हातांची काळजी घ्या. लवकर या.

मी वर बघितलं. ती माझ्याचकडे बघत होती. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, आठवीपासून माझ्या वर्गात बसलेली.

"मारा ना शिक्का, बाई," ती म्हणाली.

मी पर्समधून शिक्का काढला आणि मारला.